खेळातून रंगांची ओळख: मुलगा सगळ्यालाच ‘लाल’ म्हणतो, काय काय खेळता येईल?

रिमझिम

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला, प्रतापनगरात राहतो. मुलगा 2 वर्षं 10 महिन्यांचा आहे. परवा त्याच्या प्लेस्कूलच्या डायरीत शेरा आला, ‘रंग ओळखत नाही, घरी सराव घ्यावा.’ सोबत रंगवायचे कागद दिलेत. प्रत्येक कागदावर एक फळ आणि खाली इंग्रजीत रंगाचं नाव.

काहीही दाखवून ‘हा कोणता रंग?’ विचारलं की उत्तर एकच, ‘लाल’. पिवळी बादली लाल, निळा डबा लाल, आजीची हिरवी साडीसुद्धा लाल. पण हाच पोरगा पलंगाखाली गाड्यांची रांग लावतो तेव्हा निळ्या गाड्या निळ्यांच्या मागे आणि पिवळ्या पिवळ्यांच्या मागे लागतात. काल निळ्या गाड्यांमध्ये मी हळूच एक पांढरी सरकवली. त्याने रांग थांबवली, पांढरी गाडी उचलली आणि पार दाराशी नेऊन ठेवली. म्हणजे फरक त्याला चांगला कळतोय. मग नाव का येत नाही?

घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी. मला सरावाचे कागद नकोत, खेळ हवेत. आणि काळजी करण्यासारखं काही असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

बर्डीकर

टेन्शन नका घेऊ ताई. आमची पोट्टी तीन वर्षांची होईस्तोवर सगळ्याला ‘पिवळं’ म्हणत होती. आता शेंदरी अन् केशरी वेगळे करून सांगते.

पाटीपेन्सिल

रिमझिम, तुमच्या गाड्यांच्या रांगेतच अर्धं उत्तर आहे. मी बालवाडीत शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘रंग ओळखणं’ म्हणून आपण जे म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, सारख्याला सारखं लावणं. दुसरी, ‘निळी दे’ म्हटल्यावर निळी उचलणं. तिसरी, वस्तू बघून स्वतः ‘निळी’ म्हणणं. मूल याच क्रमाने पुढे जातं आणि पहिलीपासून तिसरीपर्यंत जायला महिने लागतात. तुमचा मुलगा पहिल्या पायरीवर पक्का आहे. डायरीतला शेरा थेट तिसऱ्या पायरीबद्दल आहे. दुसरी पायरी कोणी तपासलीच नाही. बरीच मुलं दोन ते चार या वयात हळूहळू रंगांची नावं घ्यायला लागतात, त्यामुळे पावणेतीन वर्षांच्या मुलाबद्दल ‘रंग ओळखत नाही’ असं लिहिणं मला घाईचं वाटतं.

माँटेसोरी या बालशिक्षणाच्या पद्धतीत यासाठी रंगपेट्या असतात. पहिल्या पेटीत फक्त लाल, निळा, पिवळा आणि प्रत्येक रंगाच्या दोन पट्ट्या. दुसऱ्या पेटीत 11 रंगांच्या जोड्या. तिसरीत 9 रंगांच्या प्रत्येकी 7 छटा, म्हणजे 63 पट्ट्या, गडद ते फिक्या क्रमाने लावायच्या. यातली खुबी अशी की सगळ्या पट्ट्या आकाराने, मापाने, स्पर्शाने अगदी एकसारख्या असतात. फरक फक्त रंगाचा. त्यामुळे मुलाचं लक्ष रंगावरच जातं. लाल सफरचंद आणि पिवळं केळं समोर ठेवलं तर मूल सफरचंद आणि केळं बघतं, लाल आणि पिवळा बघत नाही. शाळेने दिलेल्या कागदांची अडचण नेमकी तीच आहे.

ही पेटी विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या शिंप्याकडून ब्लाउजपीसच्या कातरणी आणा. एकाच पोताच्या, म्हणजे सगळ्या सुती घ्या. तळहाताएवढे चौकोन कापा, प्रत्येक रंगाचे दोन. सुरुवातीला तीनच रंग, तेही ठळक. मरून, आकाशी, लिंबू कलर आत्ता नको.

नावं सांगण्याची पद्धत सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांची, माँटेसोरीबाईंनी ती उचलली. आधी दोनच रंग घ्यायचे. ‘हा लाल. हा निळा.’ बस, एवढंच बोलायचं. नंतर, ‘लाल माझ्या हातावर ठेव. निळा उशीखाली लपव. लाल बाबांना देऊन ये.’ हा मधला भाग मुलांना सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. यात उठणं, पळणं, लपवणं सगळं आहे, पण तोंडाने उत्तर द्यायची सक्ती नाही. हे अगदी सहज जमायला लागलं की मगच कधीतरी, ‘हा कोणता?’

चुकलं तर ‘नाही, चूक’ म्हणू नका. पट्ट्या गोळा करा, दुसरं काहीतरी खेळा, पुन्हा केव्हातरी पहिल्यापासून सांगा. दिवसभर घरात ‘हा कोणता रंग, तो कोणता रंग’ चालू असेल तर ते आधी बंद करा. ती तोंडी परीक्षा होते. त्यातून सुटायला मुलं हाताशी असलेला एक शब्द देऊन टाकतात. तुमच्याकडे तो शब्द ‘लाल’ आहे.

रिमझिम

खूप आभार पाटीपेन्सिल. ‘निळी दे’ हे आम्ही कधी करून बघितलंच नव्हतं. आत्ता जेवताना बघितलं, दोन वाट्या ठेवून. ‘पिवळी वाटी आजीला दे’ म्हटलं तर बरोबर पिवळी उचलून दिली! आणि देताना म्हणाला, ‘आजी, लाल घे.’

पाटीपेन्सिल

बघा! कान तयार आहेत, जीभ यायची आहे. आता अजिबात घाई करू नका.

शब्दवेल्हाळ

माझा अभ्यास भाषेचा, म्हणून एवढंच जोडतो.

‘चेंडू’ हा शब्द शिकताना चेंडू हातात घेता येतो, टाकता येतो, त्याच्यामागे पळता येतं. ‘लाल’ असा सुटा हातात येत नाही. तो कधी चेंडूवर, कधी शर्टावर, कधी टोमॅटोवर असतो. आई ‘लाल’ म्हणते ते आकाराबद्दल, मापाबद्दल, गुळगुळीतपणाबद्दल की आणखी कशाबद्दल, हे मुलाला बऱ्याच वस्तू ऐकून-बघून स्वतः गाळून काढावं लागतं. म्हणूनच मुलांना आधी एवढं कळतं की ‘कोणता रंग’ या प्रश्नाला उत्तर देणारे शब्द वेगळे असतात. कोणता शब्द कुठे, हे नंतर. रिमझिमचा मुलगा बादलीला ‘बादली’ न म्हणता ‘लाल’ म्हणतो, म्हणजे प्रश्न रंगाचा आहे हे त्याला समजलंय. ही प्रगती आहे.

मायकेल रॅमस्कर आणि सहकाऱ्यांचं 2010 सालचं एक संशोधन इथे कामाचं आहे. इंग्रजी बोलणाऱ्या, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर केलेलं. ‘लाल फुगा’ या धर्तीची वाक्यं ऐकवण्यापेक्षा ‘फुगा लाल आहे’ या धर्तीची ऐकवली तेव्हा मुलांना रंगांचे शब्द जास्त चांगले कळले. कारण सरळ आहे. आधी ‘फुगा’ ऐकला की मूल फुग्याकडे बघतं आणि मग येणारा ‘लाल’ त्या बघण्यावर जाऊन बसतो. आधी ‘लाल’ आला तर कशात लाल शोधायचं हे अजून ठरलेलं नसतं. हा प्रयोग मराठीत झाल्याचं माझ्या माहितीत नाही, पण आपल्याकडे दोन्ही रचना रोजच्या आहेत. ‘तुझी गाडी बघ, निळी आहे’ म्हणायला काहीच खर्च नाही.

मराठी मुलाला आणखी एक काम करावं लागतं. निळा चेंडू, निळी गाडी, निळं फूल. एकाच रंगाची तीन रूपं. ‘लाल’ मात्र सगळीकडे लालच राहतो. तो शब्द आधी पक्का बसण्यामागे हेही एक कारण असेल असा माझा अंदाज आहे. म्हणून सुरुवातीला एकाच लिंगाच्या वस्तू घ्या. सगळ्या गाड्या किंवा सगळ्या वाट्या. निळी, पिवळी, हिरवी. मग चेंडू आणि फुलं.

रिमझिम

हे तर कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग भाषांचं काय करू? मावशी ‘नीला’ म्हणतात, शाळेत ‘ब्लू’, मी ‘निळा’. सगळ्यांना एकच बोलायला सांगू का?

शब्दवेल्हाळ

मावशींना बदलायला लावू नका. त्यांचं हिंदी त्याला खरं आणि गोड मिळतंय. मुलं माणसागणिक भाषा वेगळी ठेवतात. तुमच्या एका वाक्यात मात्र एकच भाषा असू द्या. ‘निळा म्हणजे ब्लू बरं का’ हे सारखं नको. खेळाच्या वेळी मराठी तर मराठी. आणि त्याला किती रंग येतात हे मोजायचंच झालं तर तिन्ही भाषांतले धरून मोजा. ‘यलो’ म्हणाला तर पिवळा आलाच की.

बर्डीकर

हिंदी-मराठीची खिचडी नागपुरात कोणाच्या घरी नाही? पोट्टे निभावून नेतात.

मी काय करतो ते सांगतो. रविवारी कॉटन मार्केटला पोट्टीला सोबत नेतो. तिच्या हातात छोटी कापडी पिशवी. घरून निघतानाच ठरतं, ‘आजचा रंग हिरवा.’ मग तिला जे हिरवं दिसेल त्याकडे बोट दाखवायचं, त्यातलं एक तिनं स्वतः निवडायचं. भेंडी, पालक, सिमला मिरची, कच्चे टमाटे. भाजीवालेही हौशी असतात, एक काका तिला दर वेळी एक मिरची फुकट देऊन राहिले. घरी आलो की पिशवी ओट्यावर ओतायची अन् आईला सगळं दाखवायचं. एका फेरीला एकच रंग, बस.

पाटीपेन्सिल

एका फेरीला एक रंग, हे फार छान आहे. मला यात आवडलं ते असं की भेंडीचा हिरवा वेगळा, पालकाचा वेगळा, मिरचीचा वेगळा आणि तरी सगळे ‘हिरवे’. पट्ट्यांवर शिकलेला रंग असा बाजारात पसरला की पक्का होतो.

फळांच्या बाबतीत एक सांभाळा. आपल्याकडे ‘संत्रं केशरी’ हे समीकरण इतकं पक्कं आहे की आपण डोळे मिटून शिकवतो. पण आंबिया बहाराची (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक, दुसरा मृग) सुरुवातीची संत्री बाजारात येतात तेव्हा साल चांगली हिरवी असते आणि आतली फोड केशरी. आता फेब्रुवारी-मार्चात मृग बहार येईल. मुलाला एक संत्रं सोलायला द्या, साल आणि फोडी शेजारी ठेवा आणि त्याला जे दिसेल ते म्हणू द्या. हिरव्या सालीच्या संत्र्याला मूल ‘हिरवं’ म्हणालं तर ते बरोबर आहे. पुस्तकात काय छापलंय ते बाजूला ठेवा.

नजर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासते. काळजीच्या भागाबद्दल लिहिते.

जन्मलेल्या बाळाला रंग पुसट दिसतात. तीन-चार महिन्यांपर्यंत रंगांची नजर बरीच तयार होते. म्हणजे नाव घेण्याच्या किती तरी आधी मुलाला रंग दिसत असतात. म्हणून आम्ही नावाच्या चुकांपेक्षा जोडीच्या चुकांकडे लक्ष देतो. निळ्याला ‘लाल’ म्हणणं ही भाषेची गोष्ट. पण भर उजेडात, शांतपणे खेळताना मूल पुन्हा पुन्हा तपकिरी कापड हिरव्याशेजारी किंवा जांभळं निळ्याशेजारी लावत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत.

लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणं हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, त्यामुळे तो मुलग्यांमध्ये बराच जास्त आणि मुलींमध्ये क्वचित दिसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत प्रमाण सुमारे 8 टक्के, आपल्याकडे त्याहून कमी. मुलाला तो आईकडून येतो. वडिलांचा एक्स मुलाकडे जातच नाही, म्हणून वडिलांना असला तरी मुलाला त्यांच्याकडून मिळत नाही. चौकशी करायची ती आईच्या वडिलांची आणि आईच्या भावांची.

जुनी गंमत सांगते. स्वीडनमध्ये 1875 साली लागरलुंडाला रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने रेल्वे कर्मचाऱ्यांची नजर तपासायला सुरुवात केली, आणि साधन काय, तर रंगीत लोकरीच्या लडी. एक लड समोर ठेवायची आणि ढिगातून तिच्यासारख्या लडी काढायला सांगायचं. नाव विचारायचंच नाही. तुमचा मुलगा गाड्यांशी हेच करतोय.

हल्ली ठिपक्यांची पुस्तिका वापरतात, जपानच्या इशिहारांची, 1917 सालची. ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात. आकडे न येणाऱ्यांसाठी त्यात वळणावळणाच्या वाटाही आहेत, त्यावरून बोट फिरवायचं. पण हे साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाकडूनच भरवशाने करून घेता येतं. फोनवर चाचण्या घेऊ नका, पडद्याचे रंग बदललेले असतात.

रिमझिम

माझे बाबा अजनीला लोको पायलट, म्हणजे रेल्वेचे इंजिनचालक होते. नोकरीत त्यांची रंगांची तपासणी नेहमी व्हायची आणि सगळं ठीक असायचं. म्हणजे आम्ही सुटलो ना?

नजर

शक्यता बरीच कमी झाली, शून्य झाली असं नाही. तुमचा दुसरा एक्स तुमच्या आईकडून आलाय आणि तो तिच्या वडिलांकडचा असू शकतो. मामांना काही अडचण नसेल तर आणखी चांगलं. तसंही तुमच्या मुलाच्या रांगेवरून मला काळजीचं काही दिसत नाही. त्या खेळात एकदा हिरवी आणि तपकिरी गाडी येऊ द्या, खिडकीच्या उजेडात. बाकी चौथ्या वर्षी नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांना सांगून ठेवा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या डोळ्यांच्या ओपीडीतही दाखवता येईल. आणि समजा कधी निघालंच, तर त्यात बुद्धीचा काही संबंध नसतो. फक्त शाळेला सांगून ठेवायचं, म्हणजे बाई लाल खडूने फळ्यावर लिहून ‘दिसत कसं नाही’ म्हणून ओरडणार नाहीत.

महालचे आजोबा

सगळं वाचलं. आमच्या वेळी रंग कोणी शिकवले नाहीत, सणांनीच शिकवले.

नातवाला तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी नंदी आणतो तो मुद्दाम बिनरंगाचा. पोळ्याच्या आधी आठवडाभर ओसरीवर कागद पसरून आम्ही दोघं बसतो. शिंगांना कोणता रंग, झुलीला कोणता, खुरांना कोणता, हे तो ठरवतो. गेल्या वर्षी त्याने एक शिंग निळं आणि एक हिरवं केलं. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, ‘हे इकडचं आहे, हे तिकडचं आहे.’ मिरवणुकीत त्याचा नंदी लांबून ओळखू येत होता.

आणि मारबत, म्हणजे वाईट घालवण्यासाठी मिरवत नेतात तो मोठा पुतळा. 1880च्या दशकापासून नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी. इथलं लहान मूल ‘काळी’ आणि ‘पिवळी’ हे शब्द आधी तिथेच ऐकतं. एवढी उंच काळी मूर्ती आणि एवढी उंच पिवळी मूर्ती समोरून गेली की तो रंग मूल विसरत नाही. गर्दी आणि आवाज फार असतो, म्हणून तीनच्या आतल्यांना कोणाच्या तरी गच्चीवरून दाखवा. घरी आल्यावर पिठाच्या दोन मारबती करायच्या, एक कोळशाची पूड घालून काळी, एक हळद घालून पिवळी.

अंगणवाडीताई

आजोबा, पिठाच्या मारबती आमच्या पोरांकडून करून घेणार या वर्षी!

मी ग्रामीण भागात सेविका आहे, हिंगण्याकडे. आमच्याकडे तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतात. साहित्य कमी, पण मुलं भरपूर, त्यामुळे खेळ पळापळीचे. सगळ्यांना आवडणारे सांगते.

अंगणात रांगोळीने मोठी वर्तुळं, लाल, पिवळं, हिरवं. मी टाळ्या वाजवते तोवर सगळे नाचतात. टाळ्या थांबल्या की मी रंग सांगते आणि सगळे त्या वर्तुळात. तीन वर्षांच्यांना रंग कळो न कळो, ते मोठ्यांच्या मागे पळतात. बघता बघता एक दिवस मोठ्यांच्या आधी पोचतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघावा! कोणी बाद होत नाही या खेळात. बाद करायचं ठेवलं की सगळ्यात लहान पोर सगळ्यात आधी बाहेर बसतं, आणि खेळायची गरज तर त्यालाच जास्त असते.

दुसरा, कपड्यांचे चिमटे. पुठ्ठ्याच्या कडेला रंगीत पट्टे चिकटवायचे, त्यावर त्या त्या रंगाचे चिमटे लावायचे. बोटांनाही जोर येतो, पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो.

तिसरा, ‘माझ्यासारखं कोण?’ एकाच्या फ्रॉकमध्ये पिवळा असेल तर ज्यांच्या ज्यांच्या अंगावर पिवळा आहे त्यांनी तिचा हात धरायचा. मोठी साखळी होते. ज्याच्या अंगावर तो रंग नाही त्याला मी हातात धरायला त्या रंगाची चिंधी देते, म्हणजे तोही साखळीत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच दाखवून दिलं होतं की बालशिक्षणाला महागडी साधनं लागत नाहीत. पानं, बिया, माती, दगड पुरतात. आमची अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, पण तिची कल्पना त्यांच्या अंगणात आधीच रुजलेली होती.

व्हीसीए_फॅन

एक वेगळं मत. आमच्याकडे यूट्यूबवरच्या रंगांच्या गाण्यांनी काम झालं. दीड वर्षाचा असताना सगळे रंग इंग्रजीत म्हणून दाखवायचा. एवढं सगळं करायला नोकरी करणाऱ्या आईबापांना वेळ कुठे आहे?

पाटीपेन्सिल

वेळेचा प्रश्न खरा आहे, म्हणून आधी त्याबद्दल. यातलं बहुतेक काम रोजच्या कामातच होतं. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं हा रंगांचा उत्तम खेळ आहे आणि ते काम तुम्हाला करायचंच असतं. जेवणाची पानं मांडताना ‘पिवळी वाटी बाबांना’ म्हणायला वेगळा वेळ लागत नाही.

गाण्यांबद्दल. क्रमाने नावं म्हणणं आणि समोरच्या वस्तूचा रंग कळणं यात फरक आहे. गाण्यात ‘रेड’नंतर काय येतं ते पाठ असतं. एकदा मोज्यांचा ढीग समोर ठेवून ‘ब्लू मोजा दे’ म्हणून बघा. दिला तर छानच. पडद्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत तो नकोच, दोन ते चार वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही साधारण हेच म्हणणं आहे.

व्हीसीए_फॅन

मोज्यांचं आजच करतो. धन्यवाद, राग नाही.

वॉर्ड_नं_सहा

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. वर सगळे खेळ छान आहेत, पण कोणीतरी हेही लिहायला हवं.

डाळी आणि कडधान्यं रंगाप्रमाणे वेगळी करण्याचा खेळ इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. तीन वर्षांच्या आत तो देऊ नका. वाटाणा, हरभरा, राजमा मुलं नाकात घालतात. तो आत ओला होऊन फुगतो, घट्ट बसतो आणि घरी चिमट्याने काढायला गेलं की आणखी आत जातो. दाणा श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं. शेंगदाणे, मणी, गोट्या, सगळ्यांना हाच नियम. मुलाच्या तोंडात मावणारी वस्तू खेळायला नको.

पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी मिळतात, दिसायला फार सुंदर. घरात आणूच नका. गिळले तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडतं. दिव्यांच्या खेळण्यातलं बटणासारखं सेल गिळलं तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तिथे एक मिनिटही थांबू नये, सरळ मोठ्या दवाखान्यात.

1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या स्वस्त रंगवलेल्या खेळण्यांवर ते नसतं. त्या रंगात शिसं असू शकतं आणि या वयात सगळं तोंडात जातं. महालच्या आजोबांनी नंदी बिनरंगाचा आणून घरी रंगवला ते मला म्हणूनच आवडलं. तिथेही मुलांसाठी म्हणून लिहिलेले पाण्याचे रंग घ्या, ऑइलपेंट नको. आणि संक्रांतीचे पतंग घरात उरले असतील तर कागद वापरा, मांजा आधी फेकून द्या.

पळसफूल

पतंगाचा विषय निघालाच आहे तर, तो पातळ कागद टाकू नका! पिवळ्या आणि निळ्या पतंगाचे तुकडे खिडकीच्या काचेला लावा, थोडे एकमेकांवर येतील असे. जिथे दोन्ही एकावर एक येतात तिथे हिरवा दिसतो. सकाळी ऊन आलं की फरशीवर रंगीत चौकोन पडतात. माझी मुलगी त्यात पाय ठेवून बघते, पाय हिरवा होतो, पाय काढला की पुन्हा नेहमीचा. याला कंटाळा नाही.

स्वयंपाकघरातले प्रयोग तीनच्या पुढच्यांना फार आवडतात. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, मग ओल्या साबणाचं बोट त्यावर ओढायचं. पिवळ्यावर लालसर रेघ उमटते. वर लिंबू पिळलं की परत पिवळी. गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, त्यात लिंबाचे थेंब पडले की जांभळं. यात रंगाचं नाव मुलं आपणहून घेतात, कारण काय झालं ते कोणालातरी सांगायचं असतं. ‘आई, निळं होतं, जांभळं झालं!’ हे वाक्य काढून घ्यायला कोणताही प्रश्न विचारावा लागत नाही.

भिजवलेल्या कणकेचे गोळेही करा. बिटाचा रस, पालकाचा रस, हळद. तोंडात गेलं तरी भीती नाही, फक्त कच्ची कणीक खूप खाऊ देऊ नका.

बर्डीकर

अन् मेट्रो विसरले का सगळे? ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ऑरेंज लाइन, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ॲक्वा लाइन, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, बदलायची. पोट्टीला विचारतो, आज ऑरेंजनं जायचं का ॲक्वानं. ॲक्वाला ती कधी निळी म्हणते, कधी हिरवी. काय सांगू तिला?

नजर

काहीच सांगू नका. तो रंग दोघांच्या सीमेवरचाच आहे, मोठ्या माणसांचंही त्यावर एकमत होत नाही. तिलाच विचारा, ‘कशासारखा हिरवा?’ उत्तर ऐकण्यासारखं असेल.

रिमझिम

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही काय काय केलं ते लिहिते.

शिंप्याकडून कातरणी आणल्या. लाल, निळा, पिवळा. ‘कोणता रंग’ हा प्रश्न घरात कोणीच विचारायचा नाही असं ठरलं. आजोबांच्या तोंडून अधूनमधून निसटतो, पण आजी लगेच डोळे मोठे करते. कापडं लपवण्याचा खेळ इतका आवडलाय की उशीखाली, फ्रिजमागे, चपलेत, सगळीकडे निळे चौकोन सापडतात. हिरवी आणि तपकिरी गाडीही रांगेत दिली. त्याने दोन्ही वेगवेगळ्या ठेवल्या.

काल एक नवीन गोष्ट झाली. मावशींनी त्याला हिरवा पेला दिला तर म्हणाला, ‘हा निळा नाही.’ मग पेला फिरवून बघितला आणि पुन्हा म्हणाला, ‘पिवळा पण नाही.’ काय आहे ते सांगितलं नाही, पण काय नाही ते दोनदा बरोबर सांगितलं.

शाळेच्या बाईंना काय सांगू? त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे रकाने भरायचे असतात.

पाटीपेन्सिल

‘हा निळा नाही’ म्हणजे निळ्याची हद्द त्याला कळली. खूप छान! आता हिरवा चौकोन खेळात येऊ द्या.

बाईंशी डायरीतून नको, समोर बसून बोला. त्यांना सांगा की तो जोड्या लावतो, सांगितलेला रंग आणून देतो, नाव यायचं आहे. रकान्यात ‘ओळखत नाही’च्या जागी ‘दाखवतो, नाव अजून घेत नाही’ असं लिहिता येईल का, हे विचारा. आणि शक्य असेल तर तुमची चौकोनांची एक पिशवी वर्गासाठी देऊन या. वर्गात तुमच्या मुलासारखी आणखी तीन-चार मुलं असणारच.

अंगणवाडीताई

पळसफूल, होळीला पळसाचा रंग मुलांकडून करून घ्यायचा विचार आहे. आमच्याकडे बांधावर झाडं आहेत. फुलं ताजीच लागतात का? आणि मुलांच्या अंगाला चालतो ना?

पळसफूल

ताजी असतील तर उत्तम, सावलीत वाळवलेलीही चालतात. झाडावरची तोडू नका, खाली पडलेली वेचायला मुलांना सांगा, तोच अर्धा खेळ आहे. देठाकडचा काळपट भाग काढून फक्त पाकळ्या घ्या, रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी उकळा आणि गाळून थंड करा. पिवळा-केशरी रंग येतो. चिमूटभर खायचा सोडा घातला तर गडद होतो, तेवढं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे मुलांना दोन्ही शेजारी दिसतील. आधी एकेकाच्या मनगटावर थोडा लावून दुसऱ्या दिवशी बघा, कोणाला खाज आली तर त्याला साधं पाणी द्या. कपड्यांवरचा डाग सहज जात नाही, तेव्हा आयांना जुने कपडे घालून पाठवायला सांगा.